मुळाचा शेंडा

किसनराव सरांनी रंजिता राठोडच्या जर्नलवर सही केली नाही, आणि कारण काय, तर तिनं कांद्याच्या मुळातल्या पेशी चौकोनी काढल्या होत्या.

आर्णीजवळच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून सर बावीस वर्षं बसले होते. बसले होते म्हणजे बसलेच होते. त्यांची सारी विद्या एका काचेच्या स्लाइडमध्ये मावत होती. मखमलीच्या पेटीतली ती स्लाइड, वर सरांच्याच वळणदार अक्षरात चिठ्ठी: कांदा, मुळाचं टोक. दर वर्षी पेटी उघडायची, पोरांनी रांगेनं मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, दिसलं तसं काढायचं आणि सरांनी खाली सही ठोकायची. सहीचं जर्नल नसलं तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, म्हणून त्या पेनाला तहसीलदाराच्या शिक्क्याइतका मान होता.

"स्लाइडमधी गोल दिसते," सर म्हणाले. "साऱ्या वर्गानं गोल काढल्या. तूच एकटी शहानी झाली का? उद्या परीक्षा अकराले हाय. त्याच्या आंदी गोल करून आन, मंग सही."

रंजिता तांड्यावरून रोज दोन वाहनं बदलून येणारी पोर. ती रडली नाही. "सर, मले चौकोनी दिसल्या," एवढंच म्हणाली, आणि जर्नल उचलून ममता मॅडमकडे गेली.

ममता चव्हाण तासिका तत्त्वावर शिकवायची. याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, पुढे अमरावतीहून एम. एस्सी. होऊन आलेली. रंजिताला जिवंत मुळाचं टोक कापून, रंगवून, अंगठ्यानं काचेखाली दाबून बघायला तिनंच शिकवलं होतं. किसनराव सरांविषयी तिच्या मनात जो तिरस्कार होता तो तिनं नीट पाणी घालून वाढवलेला होता. मुळाच्या टोकात मधोमध काही पेशी निवांत बसलेल्या असतात, हे शिकवताना तिला दर वेळी सर आठवायचे. फरक एवढाच, की टोकाला इजा झाली तर त्या पेशी उठून कामाला लागतात. सर चहा आला तरच उठत.

ती तडक सरांच्या टेबलापाशी गेली. "सर, उद्या सकाळी तुमाले जित्तं मूळ दाखवते. पेशी चौकोनी दिसल्या तर पोरीची सही करा."

"दाखव. आन नाई दिसल्या तर?"

"तर पोरगी गोल काढून आनीन," ममता म्हणाली. रंजितानं मागून तिच्याकडे पाहिलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

प्रयोगशाळेत सहा बरण्यांच्या तोंडावर सहा कांदे बसवलेले होते. तीन दिवसांत त्यांना खाली पाण्यात पांढरीशुभ्र मुळं सुटली होती. ममतानं संध्याकाळी घरी जाण्याआधी ती एकदा पाहून घेतली. मूळ वाढतं ते अगदी टोकाशी. तिथल्या बारक्याशा जागेत पेशी दुभंगून एकीच्या दोन होत राहतात. काही मागे राहून लांबतात आणि मूळ पुढे ढकलतात, काही पुढे, टोकावर बसलेल्या टोपीत जातात. टोपी मातीला घासून झिजते, पेशी गळतात, मागून नव्या येतात. ते टोक कापलं की उरलेल्या मुळात दुभंगणारी चौकोनी पेशी शोधून सापडायची नाही. तिला उद्या फक्त तेवढं टोक हवं होतं.

सकाळी आठला तिनं कुलूप उघडलं आणि दारातच थबकली. सहाही कांद्यांची मुळं एका मापात कातरलेली होती. एकालाही टोक नव्हतं.

"देवीलालभाऊ! हे कोनं केलं?"

शिपाई देवीलाल फडकं खांद्यावर टाकून आला. चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचा आनंद. "म्याच केलं, म्याडम. सर काल म्हनत होते, मुळं कमी पडली तं पोरीचं कसं होईन. म्हटलं, शेंडे खुडून देऊ. वावरात कपाशीच्या पऱ्हाटीचा शेंडा खुडला का कशी चहूकडून फुटते! सकाळपावतर झुबका होईन वाटलं मले."

"मुळाचा शेंडा खुडला तुमी," ममता म्हणाली. "अहो, त्या शेंड्यातच सारं होतं."

"मंग आता?"

"आता बसा बोंबलत." तिनं कात्री उचलून खणात आदळली. नव्या कांद्याला मुळं फुटायला तीन दिवस, आणि परीक्षेला उरले होते तीन तास. देवीलालवर रागवावं तर त्याचं शेतीचं ज्ञान सरांच्या विज्ञानापेक्षा खरं होतं. फक्त उलट्या टोकाला लागलं होतं.

सर दहाला आले. रंजिता कोपऱ्यात जर्नल छातीशी धरून उभी. बरण्या पाहून सरांना हसू आवरेना.

"झाली का हजामत? आता माई स्लाइड पाह्य. ते खात बी नाई, पेत बी नाई, अन् तिले कोनी कातरत बी नाई." त्यांनी मखमलीची पेटी उघडून स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली.

ममता वाकली. कॉलेज सोडल्यापासून तिनं त्या स्लाइडला डोळा लावला नव्हता. तिरस्कारच इतका होता, की बघायचीही लाज वाटायची. आता तिनं फोकस फिरवला, आणि तिला पेशी दिसल्या. गोलच होत्या. पण वनस्पतीच्या पेशीला भिंत असते, ती कुठेच नव्हती. तिनं स्लाइड काढून उजेडात धरली आणि सरांची चिठ्ठी नखानं खरवडली. खाली कंपनीची मूळ चिठ्ठी शाबूत होती.

"सर," ती म्हणाली, "हा कांदा नाई. नाकतोडा हाय. नाकतोड्याचं वृषण."

देवीलाल खो खो हसला आणि लगेच फडक्यानं तोंड पुसायला लागला. बावीस वर्षं आर्णी तालुक्यातली पोरं नाकतोड्याचं वृषण कांदा म्हणून काढत होती, आणि खाली सरांची सही होती. कांद्याच्या मुळाला एकच टोपी असते. सरांनी पिढ्यानपिढ्यांना घातली होती.

"पोरीची सही करा," ममता म्हणाली. आवाजात जिंकल्याचा माज होता, आणि तिला तो आवडत होता.

कपाटातून सरांनी कव्हर घातलेलं एक जुनं जर्नल काढलं. दर वर्षी पोरांना नमुना म्हणून दाखवायचं ते. पान उघडून त्यांनी तिच्यापुढे सरकवलं. सुबक पेशी, एकूण एक गोल, कडेला लाल शाईत पैकीच्या पैकी. वर नाव: ममता रामलाल चव्हाण, बी. एस्सी. द्वितीय वर्ष.

"म्या तं चिठ्ठी लावली," सर म्हणाले. "हे कोनं काढलं? साऱ्या पोट्ट्यायनं तुयंच पाहून गोल काढल्या. सांग आता, कोनाचं बरोबर?"

हे चित्र ममताला लख्ख आठवत होतं. वर्गासमोर उभं करून सरांनी कौतुक केलं होतं, आणि त्या कौतुकाच्या जोरावर ती अमरावतीला गेली होती. तिनं सरांच्या हातातलं पेन ओढलं, स्वतःच्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली, खाली "चूक" लिहिलं आणि पेन परत दिलं.

सरांनी घड्याळ पाहिलं, रंजिताचं जर्नल ओढलं आणि सही केली.

रंजितानं जर्नल घेतलं, पण ती हलली नाही. फुलीखालच्या गोल पेशींकडे बघत राहिली. तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"म्याडम, काहून गोल काढल्या तुमी? घरी कांदा नव्हता का?"

"होता," ममता म्हणाली.