विषण्ण राणी

उदेभाननं मिशी काढली आणि कोणी मेलेलं नसताना घरात सुतक आलं.

गोष्ट चौपन्न सालच्या मंडईची, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या आमच्या जत्रेची. दंडारीत, म्हणजे नाच-गाण्याच्या गावनाटकात, बाईचं सोंग गडीच घेतो, हे आमच्या कामठ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आजवरच्या राण्या पदराआड मिशी लपवायच्या. उदेभानला खरीखुरी राणी व्हायचं होतं. पण आमच्याकडं मिशी उतरते ती बाप मेल्यावर, आणि याचा बाप चैतराम तर ओट्यावर बसून तंबाखू मळत होता!

"मी जित्ता हावो ना गा? मंग मले कायले मारलास?" एवढं बोलून म्हाताऱ्यानं जे तोंड फिरवलं, ते दिवाळी गेली तरी फिरवलेलंच.

त्यात दंडार लिहून देणाऱ्या टेकचंद मास्तरांनी राणीच्या तोंडी घातलं, 'पुत्रवियोगाने मी विषण्ण झाले!'

मी ढोलकीवाला, पण राहवलं नाही. "मास्तर, हे कोनाले समजते?"

"दुःख निराळं, विषण्ण निराळं," मास्तर म्हणाले. "त्यात माणसाला रडूही येत नाही."

"मंग साधं तसंच लिहा ना!"

मास्तर नुसते हसले. आमच्या तोंडची भाषा या लोकांना धुऊन घेतल्याशिवाय चालत नाही. चीड येते.

मंडईला लेकी-जावई, सोयरे, फुगेवाले, सगळा मुलूख लोटला. दोन दंडारी समोरासमोर लागल्या. एक रंगली नाही की माणसं तोंडावर उठून दुसरीकडं जातात, लाजबीज नाही. भर दुपारी राणी उभी राहिली. हिरवं लुगडं, गुळगुळीत ओठ. चैतराम आला होता, पण आमच्याकडं पाठ करून बसला. उदेभानची नजर त्या पाठीवरून हलेना.

"मी विषण्ण झाले!"

मागची काही माणसं उठली. पहिल्या रांगेतून दुर्पता आजी ओरडली, "का झाली म्हनतेस वो राणी? बिमार हायेस का?"

मास्तर पडद्याआडून पुढची ओळ सांगत होते. उदेभाननं ती ऐकलीच नाही.

"बिमार नाही, आजी! बाप सामोर बसून पाठ दाखवते, आन् मले रडाले बी नाही येत, त्याले विषण्ण म्हनतेत!"

मंडई हसून फुटली. काय झालं ते बघायला समोरच्या दंडारीतली माणसंही धावत आली. सगळ्यांचे डोळे चैतरामवर.

"पाठ कोन दाखवते बे?" म्हातारा गर्रकन वळला. "ऊन लागून राहिला होता डोळ्यात!"

"वर मांडव हाय ना गा!" गर्दीतून कोणीतरी.

"तं मांडवातून लागते!" आणि माणसं ढकलत तो थेट राणीच्या पुढ्यात येऊन बसला. "बोल आता."

राणी कसली बोलते! राजपुत्र मरून पडलेला, आणि उदेभान पदराचा बोळा तोंडात कोंबून गदगदा हसतोय. मास्तर कपाळ बडवत होते. हसून हसून माझा ढोलकीचा ठेका चुकला. शेवटी चैतरामच भडकला.

"अबे रड ना! तुजा पोरगा मेला ना!"