नकट्यावरचे तीन दगड

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. मोजणी खात्यात होते. इंदापूर, बारामती, पुन्हा इंदापूर. दिवसभर उन्हात उभं राहून हद्दीचे दगड पुरायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "यशोदा, मी पाठ फिरवली की दगड फूटभर सरकतो." आणि सरकायचाच. वर्षभरात त्याच बांधाची फेरमोजणी लागायची. शेळगावात एका बांधावर हे नऊ वेळा गेले.

निवृत्त झाल्यावर तरी माणूस घरी बसेल असं मला वाटलं होतं. तर पुण्याच्या भाच्यानं, अनिमेषनं, ह्यांना जिओकॅशिंगचा नाद लावला. म्हणजे मोठ्या माणसांची लपाछपी. एकानं रानात डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे आणि बाकीच्यांनी मोबाइल घेऊन तो हुडकायचा. डब्यात एक वही असते. सापडला की वहीत सही करायची आणि डबा होता तसा ठेवून यायचं. मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, खेळाला माझी ना नाही. पण ज्यात ना शिट्टी ना गुण, त्याला मी खेळ म्हणत नाही. तसं तोंडावर सांगितलंही.

ह्यांनी डबा लपवला तोही कुठं, तर सोमेश्वरनगरच्या पुढच्या नकट्या डोंगराच्या टोकावर. तिथं वर जायला वाट नाही. पाऊल टाकलं की मुरूम घसरतो, त्यामुळं वाट पडली तरी टिकत नाही. वर देऊळ नाही, पाणी नाही, म्हणून कुणी जात नाही. ऑफिसला न्यायचा तो ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा ह्यांनी वर नेला. दोन बाजूंना दोन दगड आणि वर एक चपटा, असा पक्का बसवून आले. पहिल्या वर्षात तो सात जणांना सापडला. मोबाइलवर तसा निरोप आला की दिवसभर ह्यांचा चेहरा दहावीचा निकाल लागलेल्या पोरासारखा.

गेल्या श्रावणात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, उजवा हात आणि पाय आले नाहीत. खिडकीजवळ खुर्ची आणि डाव्या हातात मोबाइल, एवढंच उरलं. जगात त्यांचं म्हणून चालू असलेलं एकच काम होतं, तो डबा.

डिसेंबरात दोन गटांनी डबा सापडला नाही म्हणून कळवलं. एकानं लिहिलं होतं, 'टोकावर दगडांचं देवस्थान आहे. आजूबाजूला दोन तास शोधलं. डबा नाही.' मग वेबसाइटवाल्यांचं पत्र आलं. मालकानं महिन्याभरात डबा तपासावा, नाहीतर नोंद कायमची बंद.

"तिथं देवस्थान नाही," हे म्हणाले. "मी बघितलाय तो डोंगर. पोरं भलत्याच टोकावर गेली असतील."

"मग तसं कळवा."

"जाऊन बघितल्याशिवाय कसं कळवू?"

एवढं बोलून खिडकीबाहेर बघायला लागले. मला जा म्हणाले नाहीत. एकवीस दिवस गेले तरी म्हणाले नाहीत. जेवण कमी झालं, पण तोंड उघडलं नाही. मला संताप आला तो त्याचाच. अडतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं कधी चहासुद्धा मागितला नाही, नुसतं कपाकडं बघायचं. बाविसाव्या दिवशी सकाळी मी शेजारच्या दिपालीला ह्यांच्याजवळ बसवलं, पिशवीत एक नवा स्टीलचा डबा, वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली टाकली आणि स्कूटी काढली.

"कुठं निघालीस?"

"मसणात," मी म्हटलं. "ती जागा मोबाइलवर कशी बघायची ते दाखवा."

साखर कारखान्याचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमागं धूळ खात मी नकट्यापर्यंत पोचले आणि ओढ्याकाठी स्कूटी लावली. चढायला सव्वा तास लागला. अर्ध्याच्या वर तर हातापायांवर. दोनदा खरचटलं, एकदा घसरून बसलेच. ह्यांना मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं सांगत नाही.

टोकावर माझ्या कमरेएवढा दगडांचा ढीग होता. त्यावर हिरव्या बांगड्या, नारळाच्या करवंट्या, विटलेलं खणाचं कापड. मोबाइल सांगत होता, डबा इथंच. म्हणजे ढिगाच्या बरोबर पोटात. पोरं चुकली नव्हती. मी पदर खोचला आणि वरचा एक दगड उचलला.

"ओ बाई, तो ठिवा खाली."

मागं पासष्टीची एक बाई उभी होती. हातात काठी आणि उतारावर सात-आठ शेळ्या. फुलाबाई तिचं नाव, पायथ्याच्या वस्तीवरची.

"हा काय प्रकार आहे?" मी विचारलं.

"पायाचा द्येव हाय. गेल्या साली माजी शेळी हितं वर अडकली व्हती, तिच्यामागं आले. बघतीया तर तीन दगड, कसं नीट बसवल्यालं. हितं तर कुनी येत न्हाय. मग द्येवाबिगर कोन ठिवनार? माजं गुडघं लई दुखायचं. मी बी एक ठिवला. र्‍हायलं की दुखायचं. मग वस्तीवर सांगितलं."

"त्या तीन दगडांखाली माझ्या नवऱ्याचा जेवणाचा डबा आहे."

फुलाबाईनं ढिगाकडं बघितलं. "रिकामा?"

"आत वही आहे."

"मग असंना. द्येवाला तिची काय अडचन?"

"मला तो काढायचाय, बाई. नवऱ्याचं काम अडलंय."

"काढा की. पर ज्याचा दगड त्याला इचारून काढायचा." आणि ती काठीनं एकेक दगड दाखवायला लागली. "ह्यो माज्या सुनंचा. ह्यो दगडाबाईचा, तिचा खुबा मोडला व्हता. ह्यो आप्पासाहेबांचा, त्यास्नी चढाय येत न्हाय, नातीनं आनला. आन ह्यो टोळीतल्या बाईचा. ऊस तोडताना पायावर कोयता बसला व्हता तिच्या. औंदा आली न्हाय ती. तिला कुठं इचारायचं?"

सत्तर-ऐंशी दगड असतील. ना नकाशा, ना शिक्का, ना रजिस्टर. कुठला दगड कुणाचा ते फुलाबाईला सगळं पाठ होतं आणि त्यातला एकही कुणी सरकवला नव्हता. हातातला दगड मला एकदम जड झाला. मी तो परत ठेवला. "जरा डावीकडं," फुलाबाई म्हणाली. मी डावीकडं सरकवला.

मग ढिगापासून पूर्वेला बावीस पावलं मोजली. तिथं खडकाला चांगली खोल कपार होती. नवा डबा आत ठेवला, तोंडाशी धोंडा लावला, त्या जागेचे आकडे वहीच्या एका पानावर उतरवून घेतले आणि ढिगाचा एक फोटो काढला. काम झालं होतं.

"मालकाच्या पायाला काय झालंय?" फुलाबाईनं विचारलं. मी पायाबद्दल काही बोलले नव्हते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांचा डबा, आन तुमी आलाव."

"उजवा गेलाय," मी म्हटलं.

"मग ठिवा की एक."

मी जवळचाच एक उचलायला वाकले, तर म्हणाली, "हितला चालत न्हाय. वढ्यातला लागतो. खालनं आनायचा, ज्याचा पाय त्याच्या मानसानं."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. ती बरं म्हणाली आणि शेळ्यांमागं निघून गेली.

घरी पोचायला पाच वाजले. दिपाली दारातच उभी होती. ह्यांनी दुपारी जेवायलाही नकार दिला होता म्हणे. मी हातपाय न धुताच समोर बसले आणि सगळं सांगितलं. फुलाबाईची शेळी, सुनेचा दगड, कोयता लागलेली बाई. मग मोबाइल त्यांच्या हातात दिला. ढिगाच्या फोटोत तळाशी काय दिसतं ते बघायला लागले.

"खालचे तीन?" त्यांनी विचारलं.

"आहेत तिथंच आहेत."

"कुणी हलवले नाहीत?"

"हलवायची कुणाची टाप आहे? मी एक उचलला तर मला दम भरला."

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डाव्या हातात मोबाइल होता, पुसणार कशानं, तसंच वाहू दिलं. चौतीस वर्षांत लोकांनी ह्यांना दगड पुरताना शिव्या दिल्या, एकदा अंगावर कुत्रं सोडलं, तेव्हा मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

बाहेर आले तर डाव्या अंगठ्यानं एकेक अक्षर हुडकत ते वेबसाइटवर लिहीत होते. नवे आकडे टाकून झाले होते. खाली लिहिलं होतं, 'डबा जागेवर आहे. देवस्थानापासून पूर्वेला बावीस पावलं. देवस्थानाचा एकही दगड हलवू नये.' देवस्थान हा शब्द त्यांनी दोनदा लिहिला.

मग ते पुन्हा फोटो बघायला लागले. एक बघितला, पुढचा बघितला, परत मागं गेले. मोजणीदाराची नजर.

"हे दोन फोटो आहेत," ते म्हणाले. "पहिला दहा पन्नासचा. दुसरा पावणेदोनचा."

"असतील."

"दुसऱ्यात वर एक दगड जास्त आहे. गोल, काळा. नकट्यावर असला दगड मिळत नाही. ओढ्यातला आहे."

मी पायातले काटे काढत होते. मान वर केली नाही.

"यशोदा, तू दोनदा चढलीस?"

"भाकरी टाकते," मी म्हटलं. "सकाळपासून उपाशी आहात."