आधी धार, मग चढ

माझा धाकटा दीर वाईट माणूस नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या गाई जिवंत आहेत.

दिराचं शेत नदीच्या वरच्या अंगाला, आमचं खाली. आमच्या खाली माझं माहेर आणि त्याच्याही खाली शहर. नदीचं पाणी वाढलं की वरच्याने खालच्याला फोन करायचा, ही आमची रीत. दीर सांगायचा, "वहिनी, पाणी निघालं." त्यावर आम्ही कधी धावपळ केली नाही. भरल्या कासेची गाय चढ चढत नाही, मध्येच अडून बसते. म्हणून आधी धारा काढायच्या आणि मग काठावरच्या गोठ्यातून गाई वर न्यायच्या. वेळ असायचा. पाणी दिराच्या कुरणात पसरायचं, वळणावळणाने रेंगाळत आमच्याकडे यायचं.

मग शहराला भाजी हवी झाली. दिराने कुरण नांगरलं, गाजरं लावली. ती कुजू नयेत म्हणून जमिनीखाली पाणी काढून नेणारे पाइप घातले आणि यंत्र लावून नदीची वळणंच काढून टाकली.

"बघा वहिनी, पाणी कसं झरझर जातं!"

"जातं कुठे पण?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"तुम्हाला बाई प्रत्येकात खोटच दिसते," म्हणून हसला. तेव्हापासून उन्हाळ्यात गाईचा खूर भिजेल एवढंही पाणी नदीत उरेना. तरी आमचे हे म्हणायचे, उन्हाळाच कडक आहे.

मग पावसाळ्यातल्या त्या दुपारी दिराचा फोन आला. वेळेवर आला, खोटं कशाला बोलू? हे बादली घेऊन गोठ्यात उतरले. मी वर चारा टाकत होते. तिसऱ्या गाईची धार निम्मी झाली असेल नसेल, तोच पाणी गोठ्याच्या दारातून आत घुसलं. यांनी विळ्याने दावी कापायला घेतली. दोन गाई सुटल्या. तोवर पाणी यांच्या छातीला लागलं होतं. मी दंडाला धरून यांना ओढून काढलं. आत बाकीच्या हंबरत होत्या. नंतर हंबरायच्या थांबल्या.

दीर धावत आला. रडलासुद्धा. आणि वर म्हणतो काय, "मी फोन तर लगेच केला होता, वहिनी."

"केलास रे बाबा. फोनच्या पाठोपाठ पाणीही पाठवलंस."

"त्याला कशाला बोलतेस?" हे मध्ये पडले. "पाऊसच मोठा होता."

पाठचा भाऊ ना, त्याला सात खून माफ! त्या दिवशी मला दोघांचाही सारखाच राग आला.

थोड्याच दिवसांत दोघं भाऊ यंत्राचं ठरवून आले. आपल्याही बाजूची वळणं काढायची. "म्हणजे पाणी इथे चढणारच नाही," दीर म्हणाला. "सरळ पुढे जाईल."

"पुढे म्हणजे माझ्या आईच्या दारात?"

दीर जमिनीकडे बघू लागला. यांनी मात्र माझ्याकडे बघितलं. "मग या दोघींना कुठे बांधू, सांग. वर कायमची बांधायला जागा आहे?"

नव्हती. उरलेल्या दोघी अंगणात उभ्या होत्या, पाण्याची बादली वाजली तरी दचकत होत्या. मी त्यांच्यापुढे चारा टाकला.

"काढा वळणं," मी म्हणाले. कुणी माझं तोंड धरून वदवून घेतलं नाही.

यंत्र सुरू झालं तशी मी भावाला फोन लावला. "खालचा गोठा मोड. गाई आजच वर ने, कुठेही बांध. आता पाणी दम धरणार नाही."

"पण तू फोन करशीलच ना, ताई?"

"करीन रे, पण..."

"मग झालं तर! धारा काढतो आणि चढवतो."

"अरे गाढवा, आमच्या कशा गेल्या? आम्हीही धाराच काढत होतो!"

"दाजींचा हात जरा संथ आहे गं. माझ्या भराभर होतात."

मी ओरडले, शिव्या घातल्या, शेवटी गयावया केली. मागून आईचा आवाज आला, कोण आहे रे?

"ताई आहे," तो तिला म्हणाला. "अजून घाबरलेली आहे बिचारी."