आर्डिसची चिठ्ठी

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मार्लिसला पाळकपणाचा अधिकार देणारं आपलं दीक्षापत्र बिशपच्या हातात परत द्यायचं होतं. एकोणीस वर्षं ती गावातल्या चर्चच्या मंडळीची पाळक होती. आता तिच्यापुढे एकच अट होती: डीनाला सोड, नाहीतर दीक्षा सोड. डीनाबरोबर तिचा बारा वर्षांचा संसार होता. पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या पंथाच्या चर्चने दोघींनाही आपलं म्हटलं होतं, मार्लिसला पाळक म्हणूनच. सगळं ठरलं होतं. फक्त आर्डिस मरत नव्हती.

मंडळीतल्या एक्क्याण्णव वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या आर्डिसला मार्लिसने वचन दिलं होतं, 'तुला मीच पुरीन.' दीक्षापत्र परत केलं की इथल्या कुणालाही पुरण्याचा तिचा हक्क संपणार होता. मुदत वाढवा म्हणून तिने बिशपला तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा त्याने तिच्यासाठी प्रार्थना केली आणि फोन ठेवला.

"मी प्रयत्न करतेय गं," गुरुवारी आर्डिस उशीवरून म्हणाली. "जेवण सोडलं. पण ती नर्स पुडिंग आणते, आणि पुडिंग काही सोडवत नाही."

मार्लिसला हसू आलं, आणि लगेच रडू.

"रडू नकोस, पाळकबाई. उपाय काढलाय मी." आर्डिसने उशीखालून कागद ओढला. सभासद दुसऱ्या चर्चमध्ये जायला निघाला की त्याला द्यायची बदलीची चिठ्ठी होती ती. खाली पाळकाच्या सहीची जागा तेवढी रिकामी. "उद्यापर्यंत तूच पाळक. कर सही. मी तुझ्या नव्या चर्चची झाले, की मला पूर खुशाल."

मार्लिसने पेनचं टोपण काढलं. खिडकीतून चर्चमागचं कबरस्तान दिसत होतं. आर्डिसच्या नवऱ्याच्या, ऑर्व्हिलच्या, कबरीवरच्या दगडावर त्याच्या नावाशेजारी तिचं नाव कधीचं कोरून ठेवलेलं होतं. तिथली जागा फक्त मंडळीच्या सभासदांना मिळे.

"आणि ऑर्व्हिल?"

"साठ वर्षं त्याचं घोरणं ऐकलंय. पुरे झालं." पण तिने खिडकीकडे पाहिलं नाही.

मार्लिसने टोपण लावलं. "नाही करायची मी सही."

"मग त्या बिशपने पुरायचं मला? त्याला माझं नावसुद्धा ठाऊक नाही! वचन दिलं होतंस."

"दिलं होतं."

"जा मग."

मार्लिस दारापर्यंत गेली. तिला पुढे जाववेना, मागे वळवेना.

"माझ्या दफनविधीला शेवटच्या बाकावर बसायला तर बंदी नाही ना?" मागून आवाज आला. "बस आणि गा. जोरात गा. तुझ्याइतकं बेसूर या गावात कुणी गात नाही. मला कळेल."

शुक्रवारी दीक्षापत्राची चौकट गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून मार्लिस बिशपच्या कचेरीकडे निघाली. वाटेत तिने गाऊन पाहिलं. आर्डिसच्या आवडीच्या भक्तिगीताचं पहिलंच कडवं.

आवाज फुटला नाही. तिने पुन्हा सुरुवात केली.