चैतूची हाक

"पाय उचल बे, चैतू! बल्लारपूरवाले सारे असेच ढिले रायते का?"

मी पुढे, चैतू मागे. नहराच्या पाळीवर दव पडलं होतं. धान कापून झालं होतं, दोन्ही बाजूंच्या शेतांतल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. चैतू माझा शाळेपासूनचा दोस्त. आयुष्यभर पेपर मिलमध्ये राबून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला आणि तीन दिवसांसाठी सिंदेवाहीला माझ्याकडे आला होता. पाहुण्याला आराम द्यावा, चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलाव्यात, ते सोडून मी त्याला रोज पाच किलोमीटर ओढत होतो. तो उजवा गुडघा धरून एकेक पाऊल टाकायचा. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. बासष्टाव्या वर्षी माझं पोट सपाट आहे, दम लागत नाही, मैदानावरची पोरं मला 'रनिंगवाले काका' म्हणतात, हे कोणाला तरी दाखवायचं होतं. दुखऱ्या गुडघ्याचा दोस्त त्यासाठी फार सोयीचा असतो.

"का बे देवा, इकडं वाघ रायते म्हणते ना?" चैतूने विचारलं.

"रायते तं रायते. तीस वर्सं फारेस्टात गार्ड होतो मी!"

आणि मी सुरूच झालो. नोकरीत असताना गावोगावी भोंग्यावरून जे सांगायचो, ते सगळं त्याला ऐकवलं. वाघ दिसला तर पाठ दाखवायची नाही. पळायचं नाही. खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी डोक्यावर ताणायचा, म्हणजे माणूस मोठा दिसतो. "आन् सगळ्यात मोठी गोष्ट," मी थांबून, बोट वर करून म्हणालो, "जोडीदाराले सोडाचं नाई."

"बरं, मास्तर," चैतू हसला.

शंभर पावलंही गेलो नसू. डावीकडच्या झुडपात काहीतरी जड हललं आणि घुरघुरलं.

पुढचं मी ठरवून केलं नाही, एवढंच म्हणू शकतो. पण ते म्हणण्यात काही अर्थ नाही. मी ढुंगणाला पाय लावून पळालो. रोजची कसरत अशी कामी आली. मागून एकदाच हाक आली, "देवा!" मी वळूनही पाहिलं नाही.

थांबलो तो थेट रेल्वे फाटकापाशी. गावातला लच्छू खांद्यावर जाळं टाकून तलावाकडे निघाला होता.

"का झालं, देवाजीभाऊ?"

नहराकडे हात करून मी कसंबसं म्हणालो, "चैतू..."

लच्छूने जाळं तिथेच टाकलं, चहाच्या टपरीवरच्या तिघाचौघांना हाक मारली आणि काठ्या घेऊन सगळे धावले. मी त्यांच्या मागून. पुढे व्हायची हिंमत मला तेव्हाही झाली नाही.

चैतू वाटेच्या मधोमध उभा होता. दुपट्टा दोन्ही हातांनी डोक्यावर ताणलेला. तोंड झुडपाकडेच होतं. पलीकडच्या बांधीतून एक रानडुकरीण पिल्लं घेऊन निघून चालली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, तशी माझी गत. मी सांगितलेलं सगळं त्याने केलं होतं, अक्षरशः.

मला पाहून त्याने दुपट्टा खाली घेतला. मग लच्छूकडे वळून म्हणाला, "मीनंच म्हटलं याले, जा, मानसं घेऊन ये. मले का या गुडघ्यानं पराता येते? बरा पोचला लवकर."

मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. लच्छूने "वा, भाऊ!" म्हणत माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी ती गुपचूप घेतली.

दुपारपर्यंत गावभर झालं. माझ्या बायकोने, अंजनाने, गावरान कोंबडा केला. चैतूला वाढताना म्हणाली, "हे किती धावले तुमच्यासाठी, चैतूभाऊ! या वयात!"

"हो ना, वयनी," चैतू ताटात बघत म्हणाला. "लई धावला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजता तो अंगणात बाजेवर पडला होता. मी तेल कोमट करून आणलं आणि त्याच्या गुडघ्याला चोळायला बसलो. त्याने चोळू दिलं.

"चैतू, सकाळी..."

"राहू दे बे. जनावर आलं का मानूस परातेच. माहा गुडघा बरा असता तं मी तुह्या पुढं असतो." तो हसला. मग म्हणाला, "मी हाक मारली होती एकडाव. तुले आयकू आली नसंन. वारा होता."

वारा नव्हता. थंडीतल्या त्या सकाळी नहरावर पानसुद्धा हलत नव्हतं.

"नाई आली," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. दिवसभर त्याला तेवढंच ऐकायचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवर सोडायला गेलो. अंजनाने दिलेली तांदळाची पिशवी माझ्या हातात होती. खरं बोलून मला हलकं व्हायचं होतं. त्याचं काय होईल, याचा विचार मी याही वेळी केला नाही.

"चैतू, वारा नोता. मले आयकू आली होती."

रुळांकडे बघणारा तो माझ्याकडे वळला.

"आयकू आली होती?"

"हो."

"मंग?"

तेवढ्यात गाडी आली. त्याने माझ्या हातातून पिशवी घेतली. मी त्याच्या कोपराला आधार द्यायला गेलो, तर त्याने हात बाजूला घेतला. रागाने नाही, गर्दीत अनोळखी माणसाला वाट देतो तसा. एका हाताने दांडी धरली, उजवा पाय कसाबसा वर ओढला आणि एकेक पायरी करत चढला. खिडकीशी बसल्यावर म्हणाला, "वयनीले सांग, कोंबडा मस्त झालता."

"पोचल्यावर फोन कर," मी म्हणालो. कुठेही गेला तरी पोचल्यावर फोन करायची त्याची सवयच होती.

बल्लारपूर इथून फार तर अडीच तासांचं. आज नववा दिवस आहे. मधे एकदा अंजनाने विचारलं, "चैतूभाऊचा फोन आलता का? बरे पोचले ना?"

"आलता," मी म्हणालो.