चौथी ओळ

माझ्या हाताला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. बाकी काय हवं ते म्हणा. भांडखोर म्हणा, तोंडाळ म्हणा, ते खरंच आहे. पण सोळा वर्षं मी प्रयोगशाळेत पेशी वाढवते आहे आणि माझ्या एकाही बाटलीत आजवर बुरशी आलेली नाही.

त्यामुळे त्या सोमवारी बाई माझ्यासमोर वही आपटून "चौथी ओळ काढून टाक, तुझ्या हाताचा दोष आहे," असं म्हणाल्या, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांच्या टेबलावर माझ्या कायम नोकरीचं पत्र महिनाभर सहीसाठी पडून होतं. सोळा वर्षं दर वर्षी मुदत वाढवून घेतलेली मी, मला त्या पत्राची किंमत बाईंपेक्षा जास्त ठाऊक होती. त्यांनीही वही आपटली ती नेमकी त्या पत्राशेजारी.

भानगड अशी होती. कॅन्सरच्या पेशींत एक एन्झाइम असतं. त्याच्याशिवाय त्या पेशी जगूच शकत नाहीत, असं सगळे धरून चालले होते. बाईंनी एक संयुग शोधलं. आमच्याकडे त्याला सत्तेचाळीस म्हणतात, कारण आधीची सेहेचाळीस फुकट गेली. सत्तेचाळीस फक्त त्या एका एन्झाइमला बंद पाडतं, दुसऱ्या कशालाही हात लावत नाही आणि पेशी मरतात, हा बाईंचा दावा. भाषणात त्या दोन बोटं वर करून सांगायच्या, "एक कुलूप, एक किल्ली." लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या आहेत, पहिल्या रांगेत बसून.

पूर्वी आमच्याकडे एक संशोधक होती. चणीने लहान, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. पेशींमधून ते एन्झाइमच काढून टाकायचं काम तिच्याकडे होतं. तिने काढलं, पण पेशी मेल्या नाहीत. बाई म्हणाल्या, "जगल्या, याचा अर्थ तुला काढता आलेलं नाही." चिमणीने दोनदा पुन्हा केलं, दोनदा तेच ऐकलं आणि शेवटी रडत सामान बांधलं. तिच्या त्या पेशींची एक गोठवलेली नळी नायट्रोजनच्या टाकीत राहून गेली होती. टाकी आवरताना ती माझ्या हाती लागली.

मी ती वितळवली. पेशी वाढल्या, अगदी मजेत वाढल्या. मग त्यांच्यातली प्रथिनं पट्टीवर उतरवून पाहिली. एन्झाइमची काळी रेघ जिथे दिसायला हवी, तिथे कोरं. तीनदा काढली पट्टी, तीनदा कोरं. चिमणीचं काहीही चुकलं नव्हतं.

मग मी चार ओळींची प्लेट लावली. पहिलीत साध्या, म्हणजे एन्झाइम असलेल्या कॅन्सरच्या पेशी आणि नुसतं द्रावक, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात ते. दुसरीत साध्या पेशी आणि सत्तेचाळीस. तिसरीत चिमणीच्या पेशी आणि द्रावक. चौथीत चिमणीच्या पेशी आणि सत्तेचाळीस. सत्तेचाळीस खरंच त्या एन्झाइमवरच काम करत असेल, तर चौथ्या ओळीला काही व्हायला नको होतं. तिथे एन्झाइमच नव्हतं.

चौथी ओळ मेली. दुसरीइतकीच मेली.

हेच मी वहीत लिहिलं आणि बाईंना माझ्या हातात दोष दिसला.

घरी सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी दुकानात गेले की आधी काट्याकडे बघतात, मग भाजीकडे. आमच्या ह्यांना या विषयात रस नाही. माझं ऐकून घेणारं माणूस घरात तेवढं एकच.

"म्हणजे किल्ली लावायला कुलूपच नव्हतं, तरी घर लुटलं गेलं?" त्यांनी विचारलं.

"तेच तर. किल्लीचा काही संबंधच नाही, बाबा. चोर दुसरीकडूनच शिरतोय."

"मग काय बिघडलं? पेशी मरतायत ना?"

"उद्या हे माणसांना द्यायचं झालं, तर डॉक्टर कुणाला निवडतील? ज्यांच्या गाठीत ते एन्झाइम जास्त, त्यांना. म्हणजे चुकीच्या माणसांना देतील आणि बरोबरच्यांना परत पाठवतील."

ते म्हणाले, "मी काटा तपासायला गेलो की दुकानदार आधी चहा मागवायचे. चहा आला की मी समजायचो, इथे पाणी मुरतंय. तुझ्या बाईंनी ते पत्र तुझ्यासमोर ठेवलं होतं ना?"

"हो."

"तोच चहा. तू पिऊ नकोस."

"आणि नोकरी गेली म्हणजे?"

"गेली तर गेली. मला भाजी निवडायला कुणीतरी हवंच आहे."

मला हसू आलं, पण त्या रात्री झोप काही लागली नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

मंगळवारी सकाळी मी बाईंच्या खोलीत गेले. "कुठली ओळ कुठली हे मला माहीत होतं, म्हणून मी तसं मोजलं, असंच तुम्हाला वाटतंय ना? मग मला कळूच देऊ नका. नावं तुम्ही पुसा, आकडे तुम्ही लावा, औषध तुमच्या हाताने घाला. मी फक्त मोजते."

त्या हसल्या. "हौस आहे का हरायची?"

"आहे," मी म्हटलं.

बाईंनी आठ प्लेटा घेतल्या, चार साध्या पेशींच्या आणि चार चिमणीच्या, दार लावून नावं पुसली, आकडे चिकटवले, काहींत सत्तेचाळीस आणि काहींत नुसतं द्रावक घातलं आणि यादी आपल्या कपाटात कुलपात ठेवली. दहा वर्षांनी त्यांनी हातात पिपेट धरलं असेल. तीन दिवसांनी, शुक्रवारी, सगळ्यांसमोर मी मोजायला बसले. मेलेली पेशी निळा रंग पिते, जिवंत पीत नाही. एवढं सोपं आहे ते. अंगठ्याखाली काउंटर टकटकत होता. चार प्लेटा निळ्या निघाल्या, चार स्वच्छ.

बाईंनी यादी आणून वाचली. निळ्या चारही सत्तेचाळीसच्या होत्या. त्यांतल्या दोन चिमणीच्या.

एकेक जण काहीतरी काम आठवून निघून गेला.

"या पेशी मुळातच बिघडलेल्या आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांच्यावरून काही ठरवता येत नाही. ब्लीच घाल आणि संपव. आत्ता."

"मी नाही घालणार."

"मी सांगते आहे."

"ऐकलं मी. मी नाही घालणार."

बाईंनी इन्क्युबेटर उघडला, चिमणीच्या पेशींच्या सगळ्या बाटल्या काढल्या आणि स्वतः ब्लीच ओतलं. गुलाबी पाणी पांढरं पडलं. मुक्या का होईनात, मी त्यांना दिवसाआड खायला घातलं होतं.

"झालं," त्या म्हणाल्या.

"नाही झालं, बाई. अकरा नळ्या गोठवलेल्या आहेत. आपल्या टाकीत नव्हे, संस्थेच्या मोठ्या टाकीत, नोंदणी करून. नवी पेशी वाढवली की आधी गोठवायची, हे मला तुम्हीच शिकवलंत. आणि बाहेरच्या कुणीही मागितली तर द्यायची, हा नियमही तुम्हीच केलात."

त्या स्टुलावर बसल्या. इतक्या थकलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली, पण म्हणून राग काही कमी झाला नाही.

"तुझी मुदत मी वाढवणार नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"आणि ते पत्रही नाही."

"तेही माहीत आहे. पण माझं मोजणं चुकलं होतं का, तेवढं सांगा."

बाईंनी ब्लीचच्या बाटलीला झाकण लावलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "नाही चुकलं. तुझ्या हातात दोष नव्हता."

मी वही उघडली, चौथ्या ओळीचं पान काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "मग ते इथे लिहा. चिमणीच्याही हातात नव्हता, तेही लिहा. खाली सही करा."

त्यांनी कोटाचे खिसे चाचपले. पेन नव्हतं. मी माझं दिलं आणि त्यांचं लिहून होईपर्यंत तिथून हलले नाही.