बारा गळ्यांतली ओळ

कोर्टातून ज्युरीत बसायच्या समन्सचं पाकीट आलं तेव्हा माझी थोरली लेक व्हर्बीना म्हणाली, "आई, तू सत्तरी ओलांडलीस. एक फोन केला की यादीतून नाव काढतात."

"नाव काढायला मी काय मेलेय?" मी म्हटलं. "माझ्या बापाने त्या कोर्टाच्या पायऱ्या तीस वर्षं झाडल्या. काळा माणूस म्हणून ज्युरीच्या खुर्चीवर त्याला एकदाही बोलावलं नाही. आता मला बोलावणं आलंय, तर मी घरात भेंडी चिरत बसू?"

सोमवारी चर्चची पांढरी टोपी घालून गेले. दारावरचा शिपाई म्हणाला, "मॅडम, आत टोपी चालत नाही." काढली. खाली केस विंचरलेलेच होते, मी काही गबाळी नाही.

वकिलांनी प्रश्न विचारले. निःपक्षपाती राहाल का, म्हणे. मी म्हटलं, "सहा मुलं वाढवली. कुणाच्या ताटात कमी-जास्त वाढलं नाही." जज्जबाई हसल्या आणि मी ज्युरर क्रमांक सात झाले. वाचायला कितपत येतं, हे कुणी तोंडाने विचारलं नाही. फॉर्मवर विचारलं होतं, पण तो व्हर्बीनाने भरला होता.

आरोपी डेल्टन रीस, तेविशीचा. आरोप घरफोडीचा. एका माणसाच्या शेडचं दार उघडं होतं, हा आत गेला आणि बाहेर आला तो अंगात मालकाचा रेनकोट घालून. मालकाने पाहिलं. "कोट घेतला," असं यानेही सांगितलं. खोटं बोलण्याएवढीही अक्कल नव्हती बिचाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल ठरवायला आम्हा बारा जणांना खोलीत बसवलं. पेंड-बियाण्यांचं दुकान चालवणारे मिस्टर क्रेब्स आमचे मुख्य झाले. कुणी त्यांना निवडलं असं नाही, ते आधीच टेबलाच्या टोकाला बसले होते.

"माणूस स्वतः कबूल करतोय," ते म्हणाले. "कागद बघा, हात वर करा, जेवायच्या आत सगळे मोकळे."

जज्जबाईंनी कायदा लिहून दिलेली चार पानं हातोहात फिरू लागली. जो तो अर्धा मिनिट बघायचा, मान हलवायचा, पुढे द्यायचा. माझ्या हातात आली तेव्हा अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. चौथीत शाळा सुटली ती कापूस वेचायला. बायबल मी बोट ठेवून वाचते, पण त्यातलं निम्मं मला पाठच आहे. कोर्टाचं कुठलं पाठ असणार?

दोषी म्हणून अकरा हात वर गेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

येत नाही म्हणावं तर राखीव ज्युरर बाहेर बसलाच होता. बापाला मिळाली नाही ती खुर्ची माझ्याखालून जाणार. गप्प बसून हात वर करावा तर न वाचलेल्या कागदावर त्या तरुणाला तुरुंगात धाडायचं. माझा बाप ऐकल्याशिवाय कागदाला अंगठा लावत नसे.

"माझा हात राहू द्या खाली," मी म्हटलं. "मला इतकं भराभर वाचता येत नाही."

क्रेब्सनी उसासा टाकला. "मग आता शिपायाला सांगून राखीव ज्युरर मागवायचा का?"

तेवढ्यात माझ्या शेजारची लुपे बोलली. कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला आहे, दोन दिवसांत तोंडातून शब्द नव्हता. "मलाही अर्धंच कळलं," ती म्हणाली.

समोरचा एक दाढीवाला खाली बघत म्हणाला, "माझा चष्मा गाडीत राहिलाय."

"आणि हात केवढा ताठ होता हो तुमचा!" मी म्हटलं. आता माझी जीभ सुटली. "आमच्या चर्चमध्ये पूर्वी सगळ्यांत मिळून एकच पुस्तक होतं. वडीलधारा एक ओळ म्हणायचा, मग सगळे ती ओळ म्हणायचे. सगळ्यांच्या तोंडून आल्याशिवाय पुढची ओळ नाही. तसंच करू."

"हे कोर्ट आहे, मिस ओडेसा. इथे भजन करायचं?" क्रेब्स म्हणाले. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईलाही मिसच म्हणतात.

"गाऊ नका. तुमच्या आवाजाचा अंदाज आलाय मला. नुसतं म्हणा."

क्रेब्स ओळ वाचायचे, मग आम्ही म्हणायचो. पहिल्या पानाला सगळे खिदळले. दुसऱ्या पानाला श्वास जुळले. लुपे सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती. तिसऱ्या पानावर क्रेब्सनी वाचलं, "आत शिरतानाच गुन्हा करण्याचा हेतू त्याच्या मनात होता, हे निःसंशय सिद्ध झालं पाहिजे."

आम्ही अकरा जणांनी ओळ म्हटली आणि पुढची आलीच नाही. क्रेब्सचं बोट तिथेच थांबलं होतं.

"आत शिरताना?" लुपे म्हणाली. "तेव्हा तर गारा पडत होत्या. मालकच म्हणाला ना, ट्रकची काच फुटली म्हणून?"

"कोट तर घेतलाच!" दाढीवाला म्हणाला.

"घेतला. त्याचा खटला वेगळा भरा म्हणावं," मी म्हटलं. "आपल्याला विचारलंय ते दाराशी त्याच्या मनात काय होतं ते. गारांत सापडलेल्या माणसाच्या मनात डोकं वाचवण्यापलीकडे काय असतं?"

दीड तास भांडलो. ती ओळ आणखी तीनदा म्हटली, सगळ्यांनी मिळून. जेवण आलं, कोरडं सँडविच. क्रेब्स म्हणाले, "मिस ओडेसा, तुम्हीच प्रार्थना म्हणा." दाढीवाला देव मानत नव्हता, तरी प्रार्थनेला धरायला त्याने हात पुढे केला. मला विचाराल तर देव त्याआधीच आला होता. बारा परकी माणसं एका श्वासात एक ओळ म्हणतात, तिथे तो खुर्ची ओढून बसतो.

मग बारा हात वर गेले. निर्दोष.

कोर्टात निकाल वाचला, तो सरकारी वकिलाला रुचला नाही. त्याने प्रत्येकाला वेगळं विचारायला लावलं. एकेक जण बसल्या बसल्या "होय" म्हणत गेला. लुपेचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला.

"ज्युरर क्रमांक सात, हा तुमचा निकाल आहे का?"

उठायची गरज नव्हती. मी उठले. खिडकीतून बापाने झाडलेल्या पायऱ्या दिसत होत्या.

"होय," मी म्हटलं. "ओळ न् ओळ ऐकून दिलेला."